सहा बटणं बटाईनं

माणसाची पारख त्याच्या मनगटावरून करावी, असं माझं मत आहे, आणि चोवीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवल्यावर ते बदलायची माझी मुळीच इच्छा नाही. मनगट टेबलावर टेकवून टाइप करणारा माणूस आळशी असतो. मनगट उंच धरणारा घाबरट. बोटं सपाट ठेवणारा खोटं बोलतो. याला पुरावा नाही, पण माझ्या नणंदेचा मुलगा तसा टाइप करायचा. कोपर अंगाशी, बोटं अर्धवट वाकलेली आणि नजर समोरच्या कागदावर, असा विद्यार्थी दहा वर्षांत एखादा मिळतो. बाकीचे सगळे कीबोर्डकडे बघतात. त्यांच्यासाठी मी बुटांची खोकी ठेवली आहेत. खोक्याची एक बाजू कापायची, कीबोर्ड आत सरकवायचा, हात आत घालायचे, वरून झाकण. मग बघा म्हणावं काय बघायचंय ते.

माझा क्लास बजाजनगरला, एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. खाली दळण सुरू झालं की वर टेबलं थरथरतात आणि ज्वारीचं पीठ जिन्यानं वर येतं. दर शनिवारी मी रंगाचा ब्रश घेऊन बाराही कीबोर्ड झाडते. विद्यार्थी बहुतेक कंपनी कामगारांची मुलंमुली, सरकारी भरतीसाठी सर्टिफिकेट हवं म्हणून येणारी. आमचे यजमान व्यंकटराव बँकेतून रिटायर झाल्यापासून दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि मोबाइलवर एका बोटानं, जिभेचं टोक बाहेर काढून, टाइप करत राहतात. टायपिंग शिकवणाऱ्या बाईच्या नशिबी हा नवरा.

गेल्या वर्षी आषाढात, संध्याकाळच्या बॅचला, साहेबराव आले. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. माझ्या क्लासात एवढा मोठा विद्यार्थी कधी आला नव्हता. त्यांनी मला नमस्कार केला तो एका हातानं. दुसरा खिशात. कीबोर्डसमोर बसले तरी खिशातच. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वळण लावलं नाही तर पुढे लागत नाही, हा माझा अनुभव. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, हात खिशात घालून टायपिंग येत असतं तर मी क्लास कशाला काढला असता? दोन्ही हात वर घ्या!"

त्यांनी हात बाहेर काढला. उजव्या हाताला तर्जनी नव्हती. मुळापासून नव्हती, आणि तिथली कातडी अजून नवी, गुलाबी होती. क्लासातली खडखड थांबली. मला कधी शब्द कमी पडत नाहीत, त्या दिवशी मात्र मी "बरं" एवढंच म्हणाले आणि उगाच खिडकी उघडायला गेले. ती आधीच उघडी होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाहेर बघतच उभी राहिले.

साहेबरावांनीच मला त्यातून सोडवलं. "म्याडम, दुखत नाय आता," ते मागून म्हणाले. "फक्त कुणी पत्ता इचारला की पंचाईत होती. रस्ता कोपरानं दाखवावा लागतो. लोकं कोपराच्या दिशेनं जात्यात आन् भलतीकडंच निघत्यात."

पोरं हसली, मी पण हसले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गाव कन्नडजवळचं. एकोणीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर. पाच नंबरची प्रेस. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, प्रेस खाली येते, दुचाकीच्या सीटखालची पट्टी तयार होते. एकोणीस वर्षं हात वेळेत निघाला आणि माघ महिन्यात एका मंगळवारी निघाला नाही. हात आत असला तर प्रेस थांबवणारा सेन्सर त्या दिवशी चालू होता की बंद, याबद्दल कंपनीत दोन मतं होती. साहेबरावांचं एकच होतं, पण ते कुणी लिहून घेतलं नव्हतं.

दवाखाना झाला, जखम भरली. आता कंपनीच्या माल पाठवण्याच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी होती. तिथं दिवसभर कॉम्प्युटरवर चलनं टाइप करायची. केयूर नावाचा एचआरचा तरुण साहेब त्यांना म्हणाला होता, काका, दिवाळीच्या आत मिनिटाला तीस शब्द करून दाखवा, सलग दहा मिनिटं, चुका पाचाच्या आत. खुर्ची तुमची. नाही जमलं तर परत पाच नंबर.

"परत प्रेसवर? या हातानं?" मी विचारलं.

"व्हय. तिथं धा बोटांची अट नाय ना," साहेबराव म्हणाले. मग आवाज खाली करून म्हणाले, "खरं सांगू का म्याडम, आता नुस्ती लांबून प्रेस वाजली तरी माझ्या हाताला घाम फुटतो. मला पुन्हा तिच्यापुढं उभं नाय राह्यचं. बास. तेवढ्यासाठी आलोय."

मी त्यांना म्हणाले, "होईल." हे मी कुठल्या आधारावर म्हणाले ते मला आजही माहीत नाही. कारण ज्याला टायपिंगमधलं कळतं त्याला हेही कळतं की दहा बोटांत सगळ्यात जास्त राबतात त्या दोन तर्जन्या. करंगळी गेली असती तर मी चार दिवसांत सोय लावली असती.

पहिल्या आठवड्यात मी भिंतीवरचा तक्ता दाखवून शिकवलं. प्रत्येक बोटाची बटणं ठरलेली. या बोटानं ही तीन, त्या बोटानं ती सहा. कुणी कुणाच्या बटणाला हात लावायचा नाही. साहेबराव तक्त्यापुढं उभे राहिले, बराच वेळ. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी हे गट नंबर हायेत!"

"काय?"

"जमिनीचे गट नंबर. ही ह्याची हद्द, ही त्याची. मधी बांध. आवो, हे आधी नाय का सांगायचं? म्या उगा पाठ करू राह्यलो."

दुसऱ्या दिवशी ते वहीत कीबोर्डचा नकाशा काढून घेऊन आले. तलाठ्यानं काढावा तसा, हद्दीच्या रेघा, प्रत्येक गटात मालकाचं नाव. उजव्या हाताला त्यांनी सगळं घर बसवलं होतं. अंगठा म्हणजे वडील, नानासाहेब. "स्पेस बार तेवढा त्यांच्याकडं. सगळ्यात लांब पट्टा, काम एकच, आन् ते पण मधूनमधून." मधलं बोट म्हणजे पाठचा भाऊ सोमनाथ. त्याच्या शेजारची अनामिका म्हणजे तिसरा, कारभारी. करंगळी म्हणजे धाकटा गोकुळ, लाडावलेला, ज्याच्या वाट्याला नेमकं एन्टरचं बटण आलं होतं आणि जो ते दाबायला कंटाळा करायचा. गेलेल्या तर्जनीच्या सहा बटणांवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"तुमचं का?" मी विचारलं.

"घर सोडून गेला तो मीच की. एकोणीस वर्षं माझं रान सोमनाथच कसतोय."

मी म्हटलं ठीक आहे, मग इथंही सोमनाथच कसेल. मधल्या बोटाची स्वतःची तीन बटणं आणि तुमची सहा. साहेबरावांनी बोटावर नव्हे तर मनात हिशेब केला आणि मान हलवली. "नऊ? सोमनाथ मरंल, म्याडम. बैलाला बी एवढं जुंपत नाय कुणी. त्यापेक्षा असं करू, निम्मं रान पलीकडच्याला बटाईनं देऊ." पलीकडचा म्हणजे डाव्या हाताची तर्जनी. तिची हद्द कीबोर्डच्या मधोमध संपते, तिथून बांध ओलांडून तिनं उजवीकडची लागून असलेली तीन बटणं करावीत, उरलेली तीन सोमनाथनं, असा त्यांचा प्रस्ताव होता.

मी असा संताप केला की व्यंकटराव दारातून उठून आत आले. उजव्या हाताची बटणं डाव्या हातानं? माझ्या क्लासात? चोवीस वर्षं मी ज्या एका गोष्टीसाठी पोरांच्या मनगटावर पट्टी ठेवली, ती गोष्ट मी सोडून देऊ? आज हा इकडून तिकडे गेला तर उद्या सगळा क्लास जाईल. साहेबराव "बरं, म्याडम" म्हणून खोक्यात हात घालून बसले.

तीन आठवडे त्यांनी माझ्या पद्धतीनं केलं. वेग अकरा. मधलं बोट संध्याकाळी सुजायचं. आणि त्याहून विचित्र एक गोष्ट व्हायची. टाइप केलेल्या मजकुरात अक्षरं गाळलेली असायची, आणि ती सगळी त्या सहा बटणांतली. मी दाखवलं की साहेबराव म्हणायचे, "दाबलं की म्या." शपथेवर सांगायचे. मी एकदा खोक्याचं झाकण काढून बघितलं. ते अक्षर आलं की मधलं बोट जागचं हलायचंच नाही. जिथं तर्जनी असायला हवी होती तिथला स्नायू तेवढा उडायचा. त्यांच्या मनानं ते बटण खरंच दाबलेलं असायचं. मी झाकण लावलं आणि त्या दिवशी बॅच दहा मिनिटं लवकर सोडली.

घरी जाताना मी व्यंकटरावांपुढं कुरकुर केली की शिकवण्यात कमी नाही, पण होत नाही. ते मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "शैला, तू करून बघितलंस का?"

"मला काय गरज? माझी दहाच्या दहा आहेत."

"म्हणूनच विचारलं," ते म्हणाले.

असल्या बोलण्याचा मला राग येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, क्लास उघडण्याआधी, मी हातरुमालानं उजवी तर्जनी तळहाताशी बांधून टाकली आणि बसले. माझा वेग बासष्ट आहे. अजूनही. पहिल्या दहा मिनिटांत तो सतरावर आला आणि मधल्या बोटात असा गोळा आला की मी हात पाण्यात धरून बसले. नंतरचे चार दिवस मी रोज सकाळी हे केलं. पाचव्या दिवशी एक अक्षर आलं, आणि माझी डावी तर्जनी, मी न सांगता, मला न विचारता, टुणकन उडी मारून पलीकडे गेली आणि ते बटण दाबून परत आली. मी पटकन मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. म्हणजे व्यंकटराव होते, पण त्यांनी तोंडावर पेपर धरला आणि पेपर हलत होता.

संध्याकाळी मी साहेबरावांना सांगितलं, "द्या बटाईनं."

ते जराही जिंकल्यासारखे हसले नाहीत. वही काढून नकाशा दुरुस्त केला, तीन बटणांवर डाव्या तर्जनीचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "म्याडम, फेरफारावर तुमची सही लागंल." मी केली.

वेग पंधरा झाला, अठरा झाला. पण हात पुन्हा पुन्हा जागेवरून सरकायचा. कीबोर्डवर दोन बटणांना बारीक उंचवटे असतात, न बघता दोन तर्जन्यांना आपली जागा कळावी म्हणून. साहेबरावांच्या उजवीकडच्या उंचवट्यावर ठेवायला बोटच नव्हतं. यावर तोड काढली त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी. त्या एके दिवशी चौकशीलाच वर आल्या.

"बाई, तुम्ही ह्यांना नेमकं काय शिकवू राह्यल्या ते बघायचंय मला," त्या दारातूनच म्हणाल्या. "घरात पोळपाट धरू देत नायत. मी पोळी लाटायला बसले की हे पलीकडून पोळपाटावर बोटं वाजवत्यात. भात कालवताना ताटात बोटं अशी इकडून तिकडं पळवत्यात. शेजारीण म्हणली, भावजींना काही बाहेरचं झालं का काय."

मी त्यांना खुर्ची दिली आणि उंचवट्याची अडचण सांगितली. त्यांनी कीबोर्ड उचलून भाकरी उलटवावी तसा उलटसुलट करून पाहिला, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली घेतली आणि सोमनाथच्या बटणावर चिकटवून टाकली. खड्याची टिकली होती. मधलं बोट तिच्यावर टेकलं की टोचायचं, आणि सुटलं की लगेच कळायचं. एवढं सरळ काम मला चोवीस वर्षांत सुचलं नव्हतं. आशाबाई म्हणाल्या, "निघाली तर सांगा, पाकिटात अकरा हायेत."

टिकलीनं वेग चोवीसवर नेला आणि तिथं गाडं अडलं. श्रावण संपत आला तरी चोवीस. मी आता खोकं काढून टाकलं होतं, कारण मला त्यांचे हात बघायचे होते. बघता बघता लक्षात आलं की अनामिका काही करतच नाही. हवेत ताठ उभी. तिची बटणं कधी मधलं बोट ओढून घेई, कधी करंगळी मागे येऊन कशीबशी दाबे. मी म्हटलं, "साहेबराव, हे बोट वापरा. या बोटाला काय झालंय? हे तर धडधाकट आहे."

"ते नाय काम करत," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

मी मालिश सांगितली, गरम पाणी सांगितलं, रबराचा चेंडू दाबायला दिला. शेवटी आशाबाईंनाच फोन केला. त्या फोनवर एवढ्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आवो बाई, त्या बोटाचं नाव काय ठिवलंय इचारलं का? कारभारी! कारभारी भाऊजींशी ह्यांचं अकरा वर्षं झाली बोलणं नाय. हिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. समोर आले तर हे तोंड फिरवून घेत्यात. मग ते बोट कसं हलंल?"

मी संध्याकाळी साहेबरावांना म्हणाले, "नाव बदला त्या बोटाचं. शिवराज ठेवा, काहीही ठेवा."

ते मला खरंच दुखावलेले दिसले. "म्याडम, सातबाऱ्यावरचं नाव असं आपल्या मनानं बदलता येतं व्हय? तो भाऊ हाय माझा."

"मग त्याला सांगा काम करायला!" मी ओरडले. "दिवाळीला दोन महिने राहिलेत आणि तुमचं विहिरीचं पाणी मला इथं सहा शब्दांना पडतंय!"

पोळ्याला ते गावी गेले. दोन दिवस म्हणून गेले आणि पाच दिवसांनी आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आशाबाईंकडून एवढंच कळलं की बैल धुवायला दोघं एकाच वेळी नदीवर गेले, तासभर दोघंही फक्त बैलांशी बोलत राहिले, आणि मग कारभारींनी यांचा हात धरून पाहिला आणि मोठ्यानं रडायला लागले. अपघाताचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. साहेबराव क्लासात आले, टिकलीवर बोट ठेवलं, आणि अनामिका खाली आली. आधी अडखळत. माझ्या घड्याळात त्या आठवड्यात वेग सत्तावीस होता, पुढच्या आठवड्यात एकोणतीस.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी परीक्षा ठरली. मी साहेबरावांना सांगितलं की परक्या कीबोर्डवर माझा विद्यार्थी बसणार नाही. टिकलीचा कीबोर्ड मी पिशवीत घातला, आशाबाईंना घेतलं आणि तिघं रिक्षानं कंपनीच्या गेटवर गेलो. तिथं वॉचमननं पिशवी अडवली. बाहेरची वस्तू आत न्यायची तर पास लागतो आणि परत नेताना तीच वस्तू तशीच दाखवावी लागते. त्यानं कीबोर्ड नीट तपासला.

"हे लाल काय आहे?"

"टिकली," मी म्हणाले.

"फिक्स आहे का निघते?"

"निघंल बी," आशाबाई म्हणाल्या.

त्यानं विचार केला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: कीबोर्ड एक नग, टिकली एक नग. मग पेन थांबवून म्हणाला, बाहेर जाताना दोन्ही लागतील. आशाबाईंनी त्याला पाकीट दाखवून सांगितलं, काळजी करू नका, जास्तीच्या हायेत. त्यावर त्यानं पाकिटातल्या अकराही लिहून घेतल्या.

केयूर भला मुलगा निघाला. त्यानं आम्हाला चहा दिला, साहेबरावांना खुर्चीत बसवलं, आणि चार-पाच ऑफिसवाले कौतुकानं भोवती उभे राहिले. ते ऑफिस शेडला लागूनच आहे. भिंतीपलीकडून प्रेसचे आवाज येत होते, एकामागून एक. साहेबरावांनी हात पँटला पुसले. पुन्हा पुसले. मी माझ्या जागेवरून बघत होते आणि मला वाटलं, झालं, संपलं. हे मूल घाबरलं की मनगट उचलतं. मग मला आठवलं की हे मूल पंचेचाळीस वर्षांचं आहे.

केयूरनं घड्याळ लावलं. पहिलं मिनिट वाईट गेलं. बोटं चाचपडत होती. मग साहेबराव पुटपुटायला लागले. क्लासातही ते पुटपुटायचे, मी कधी थांबवलं नव्हतं. "ऊठ सोमनाथ. कारभारी, सांभाळ. नाना, जागा द्या, जागा द्या. गोकुळ, आरं झोपला का? दाब एन्टर!" केयूरनं माझ्याकडे दचकून पाहिलं. मी बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प बसवलं. बोटं एका चालीत पडायला लागली, डावी तर्जनी बांधावरून इकडून तिकडे ये-जा करत होती, आणि पलीकडे प्रेस आपटत होती तरी मनगट खाली होतं. मोकळं. मी अंगठ्यानं आपल्या पेरांवर शब्द मोजत होते आणि आशाबाईंनी माझी पिशवी घट्ट धरली होती.

दहा मिनिटं झाली. केयूरनं आकडा वाचला. एकतीस. चुका चार.

आशाबाईंनी माझी पिशवी सोडली. एका ऑफिसवाल्यानं मात्र शंका काढली, असा एक कुठंही असतोच. तो म्हणाला, "पण सर, हे उजवीकडची बटणं डाव्या हातानं मारतात. ही पद्धत चुकीची आहे ना? असं कुठं शिकवतात?"

"माझ्या क्लासात शिकवतात," मी म्हणाले. "चोवीस वर्षं जुना क्लास आहे. तुमचं मनगट टेबलाला टेकलेलं असतं ते मी आल्यापासून बघतेय. तुमचा वेग किती?" तो पाणी प्यायला निघून गेला.

केयूरनं साहेबरावांशी हात मिळवला आणि लगेच कागदपत्रं सुरू केली. शेडमध्ये हजेरीला कार्ड असतं, ऑफिसात बोटाचं मशीन आहे. त्यानं ते छोटं काळं मशीन साहेबरावांपुढं सरकवलं, कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकलं आणि पडद्यावरचं वाचत, मान वर न करता म्हणाला, "हं काका, उजव्या हाताची तर्जनी ठेवा."

मशीनवर बोट आलं नाही. केयूरनं मान वर केली, आणि आपण काय म्हणालो ते त्याला कळलं. बिचाऱ्याचे कानही लाल झाले.

साहेबराव हळूच म्हणाले, "ती अजून पाच नंबरलाच हाय, साहेब. तिची बदली नाय झाली."

त्यांनी ते गमतीनं म्हटलं होतं. ते असंच बोलतात. पण तेवढ्यात भिंतीपलीकडं प्रेस आपटली. त्या खुर्चीसाठी त्यांनी चार महिने काय केलं ते मी पाहिलं होतं, आणि तरी ती तर्जनी तिकडंच राहिली होती, ती कधीच येणार नव्हती. मला लोकांसमोर रडलेलं अजिबात खपत नाही. म्हणून मी केयूरवर ओरडले.

"अहो, बघता काय! मधलं घ्या! सहा बटणं सांभाळतंय ते!"

केयूरनं मधलं घेतलं.